शेवटचे गाणे कोणाचे?



शेवटच्या भोजनाची गोष्ट आपल्याला पाठ आहे. भाकर, द्राक्षारस, शिष्यांचे पाय धुणे, यहूदाचे उठून बाहेर जाणे. पण मत्तय (26:30) आणि मार्क (14:26) या दोघांनीही एका ओळीत लिहून ठेवलेली एक गोष्ट आपल्या नजरेतून बहुधा निसटते. जेवण झाल्यावर प्रभू आणि शिष्य आधी स्तोत्र गायले आणि मग जैतुनाच्या डोंगराकडे निघाले. वल्हांडणाच्या रात्री यहुदी घरांत स्तोत्रसंहितेतील 113 ते 118 ही स्तोत्रे गाण्याची रीत होती. त्या रात्री त्यांतलीच गायली असणार, असे पवित्र शास्त्राचे अभ्यासक मानतात. उद्या आपल्याला मरायचे आहे हे ठाऊक असलेल्या प्रभूने त्या रात्री नवे काही गायले नाही. नासरेथच्या घरी मरिया आणि योसेफ यांच्यासोबत दरवर्षी म्हटले असेल, तेच गायले.

क्रुसावरही तसेच झाले. वेदनेच्या शिखरावर त्याच्या ओठांवर आले ते बाविसाव्या स्तोत्राचे पहिले वचन, बालपणी कानावर पडलेले. शेवटच्या वेळी माणूस आपल्या पहिल्या शब्दांकडे वळतो. प्रभूही वळला. आमच्या धर्मग्रामातील म्हाताऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या उशाशी बसताना आम्हाला हे पुन्हा पुन्हा दिसले, म्हणून आज त्याविषयी लिहीत आहोत.

आपल्या खानापूर तालुक्यातला पाऊस आपल्याला माहीत आहे. जून लागला की कणकुंबी-जांबोटीकडच्या वाड्यांवर सूर्य दिसत नाही. मलप्रभा भरून वाहते, रस्ते चिखलात जातात आणि वयस्कर माणसांचे चर्चला येणे थांबते ते दिवाळीपर्यंत. मुले बेळगावला, पुण्याला, गोव्याला, काही आखातात. घरी राहतात आज्जी आणि आबा, आणि असली तर एखादी सून. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर आजाऱ्यांना कोम्युनियन द्यायला घरोघर जातात. त्यांच्यासोबत आम्ही पाच जण जाऊ लागलो: दोन निवृत्त शिक्षिका, एक रिक्षावाले मामा, कॉयरमधला कॉलेजचा एक मुलगा आणि एक कॅटेकिस्ट. सुरुवातीला कोम्युनियननंतर एक गीत म्हणायचे, एवढेच होते. पुढे ज्या घरात कोणी शेवटच्या टप्प्यावर आहे, तिथे आम्ही शुक्रवारची वाट न बघता दोघे-तिघे जाऊन बसू लागलो.

ह्याला कोणी संगीतोपचार म्हणते, कोणी म्युझिक थेरपी. पण एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट केलेली बरी. म्युझिक थेरपी हा शिकून करायचा व्यवसाय आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जखमी सैनिकांच्या इस्पितळांत संगीताचा उपयोग होऊ लागला आणि 1950 साली तिथे या उपचारकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. रोग्याची अवस्था तपासून, डॉक्टर आणि नर्स यांच्याशी बोलून, कोणते संगीत, किती वेळ, कशासाठी, हे ठरवणारे ते लोक. आम्ही ते नाही. आम्ही शेजारी आहोत. शौल राजाचा जीव घाबरा होई तेव्हा दावीद वीणा वाजवी आणि राजाला आराम पडे, असे शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात (16:23) आहे. दावीदही मेंढपाळाचा पोरगाच होता.

गाणे हे औषधाच्या जागी नसते, हेही लक्षात ठेवावे. कर्करोगाच्या वेदनेला मॉर्फीन लागते, तिथे स्तोत्र म्हणून भागत नाही. दुखणे सोसणे म्हणजेच भक्ती, असे समजून आजाऱ्याला गोळीवाचून ठेवू नका. लंडनमध्ये 1967 साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स ह्या आधी नर्स, मग समाजसेविका, मग डॉक्टर झाल्या, आणि श्रद्धावंत ख्रिस्ती होत्या. त्यांचे सांगणे असे की मरणाऱ्याची वेदना एकटी शरीराची नसते. मनाची असते, घरच्यांच्या काळजीची असते, आत्म्याचीही असते, आणि या सगळ्यांची मिळून एकच वेदना होते. आपल्याकडे मुंबईत वांद्र्याला 1986 साली शांती अवेदना सदन सुरू झाले, भारतातील पहिले हॉस्पिस. पुण्यात वारजे इथे 1997 पासून सिप्लाचे केंद्र आहे. गोव्यात लोटली गावीही शांती अवेदनाची शाखा आहे. अशा ठिकाणी गोळी आणि गाणे दोन्ही एका छपराखाली चालतात. आपल्या खेड्यांत गोळी डॉक्टरांनी द्यायची आहे. गाणे मात्र आपण देऊ शकतो.

पण कोणते गाणे? इथेच खरी गोष्ट सुरू होते.

एका घरी एक आबा होते. तरुणपणी कौलांच्या कारखान्यात काम केलेले, हात अजूनही भट्टीवाल्याचे. गेली चार वर्षे त्यांची स्मरणशक्ती जात चालली होती. आपल्या मुलाला ते 'साहेब' म्हणत आणि सुनेला कधी बहीण समजत, कधी परकी. कोम्युनियन समोर आले तरी तोंड उघडायचे ध्यानात येत नसे. आमच्या कॉयरच्या मुलाने हल्लीची दोन गाणी म्हटली, चालीला छान, टाळ्यांची. आबा भिंतीकडे बघत राहिले. मग आमच्यातल्या एका शिक्षिकेने जपमाळेनंतर म्हणतात तसे 'साल्वे रेजिना' सुरू केले. लॅटिन, जुन्या चालीतले, त्यांच्या आईकडून कानावर पडलेले. दुसऱ्या ओळीला खाटेवरून आवाज आला. फाटका, पण सुरात. आबांनी ते शेवटपर्यंत म्हटले. आमची शिक्षिका मध्ये अडखळली, आबा अडखळले नाहीत. संपल्यावर आजूबाजूला बघून त्यांनी विचारले, "कोण गाऊलालंय ते?" मुलगा दारात उभा होता. तो म्हणाला, "तुम्हीच की, आबा." आबा हसले. त्या संध्याकाळी त्यांनी मुलाला नावाने हाक मारली नाही, पण जेवताना त्याचा हात धरून ठेवला.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे 1960 च्या दशकात, आपली मिस्सा लोकांच्या भाषेत आली. आज ज्यांची पंच्याऐंशी उलटली आहे, त्यांचे बालपण आणि तारुण्य त्याआधीचे. त्यांच्या देवळात लॅटिन घुमत होते आणि घरी तेर्स व्हायचा कोकणीत. शेतात मराठी, बाजारात कानडी. आमच्या सीमेवरच्या माणसाच्या पोटात अशा चार भाषा असतात, आणि विस्मरण होऊ लागले की सगळ्यात शेवटी शिकलेली आधी जाते. आबांना लॅटिनचा अर्थ कधीच कळला नसेल. पण ते गाणे त्यांनी आईच्या मांडीवर ऐकले होते, बापाच्या शवपेटीमागून चालताना म्हटले होते. ते त्यांच्या शरीरात होते, श्वासासारखे.

मेंदूचे अभ्यासक सांगतात की साधारण दहा ते पंचवीस या वयात आपल्या मनात बसलेली गाणी सगळ्यात खोल रुजतात. स्मृतिभ्रंशातही चाली बराच काळ टिकतात, नावे-गावे गेल्यानंतरही. म्हणून ऐंशीच्या माणसासाठी गाणे निवडायचे असेल, तर आज देवळात काय गाजते आहे ते बघू नये. ते माणूस पंधरा वर्षांचे होते तेव्हा काय गात होते, ते शोधावे.

हे शोधताना एका घरात मोठाच प्रश्न उभा राहिला.

तिथली आज्जी चंदगडच्या बाजूच्या शेतकरी घरातली. साठ वर्षांपूर्वी लग्न होऊन या घरात आली, बाप्तिस्मा घेतला, चार मुलांना जपमाळ शिकवली, देवळातल्या फुलदाण्या वर्षानुवर्षे तिनेच भरल्या. शेवटचे दिवस आले तेव्हा तिने रुग्णाभ्यंग घेतला, पापनिवेदन केले, शांत होती. आणि मग एके दुपारी सुनेला म्हणाली, "मला माझ्या आईची ओवी ऐकायची हाय गं." जात्यावरची ओवी. तिच्या आईच्या ओवीत माहेर होते, भाऊ होता, आणि पंढरीही होती.

थोरला मुलगा देवळाच्या कामात पुढे असणारा. तो आम्हाला म्हणाला, "मरणाच्या वेळी आईच्या कानावर दुसऱ्या देवाचं नाव पडलेलं मला चालणार नाही. उद्या तिच्या आत्म्याचं काय झालं, हे मला कोण सांगणार?" ही नुसती हट्टाची गोष्ट नव्हती. त्याचे आईवर प्रेम होते आणि त्याला खरी भीती वाटत होती. धाकटा म्हणाला, "आई मागती ते द्यायचं. आता नाही म्हणायला आपण कोण?" सून स्वयंपाकघरात रडत होती.

आम्ही फादरांकडे गेलो. त्यांनी सगळे ऐकून घेतले. म्हणाले, "बाप्तिस्मा साठ वर्षांपूर्वी झाला. तो काय एका ओवीनं पुसला जाईल? तिनं पूजा मागितलेली नाही, आई मागितली आहे. पण थोरल्याचं मन मोडून तुम्ही कोणी गायला बसू नका. आधी त्याच्याजवळ बसा."

आम्ही बसलो. त्याला पटवायला काही सांगितले नाही. एवढेच विचारले, तुम्ही लहान असताना आई दळताना काय म्हणायची? तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, पहाटे ती दळायची तेव्हा मी तिच्या मांडीवर डोके ठेवून झोपायचो, जात्याची घरघर डोक्यात व्हायची, आणि ती म्हणायची. काय म्हणायची? त्याला शब्द आठवेनात. चाल आठवत होती. त्याने ती हलकेच गुणगुणून दाखवली आणि मध्येच थांबला. ज्या ओवीची त्याला भीती वाटत होती, तिच्यावरच तो वाढला होता.

दुसऱ्या दिवशी तो स्वतः शेजारच्या घरी गेला. तिथे आज्जीच्याच वयाची, चंदगडकडचीच एक बाई होती. ती कपाळाला कुंकू लावलेली म्हातारी येऊन आमच्या आज्जीच्या खाटेजवळ, भिंतीवरच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीखाली, जमिनीवर बसली आणि मांडी हलवत, जणू जाते फिरवत, ओव्या म्हणू लागली. आज्जीचे डोळे मिटलेले होते. तिची बोटे चादरीवर गोल गोल फिरत होती. थोरला आत आला नाही. मागच्या दारी पाऊस बघत उभा राहिला. पण त्यानंतर अकरा दिवस आज्जी होती, आणि ते अकराही दिवस दुपारी तोच शेजारी बोलवायला गेला. संध्याकाळी घरचे सगळे मिळून जपमाळ म्हणत, आणि आज्जीची बोटे मण्यांवरही तशीच फिरत.

हे सगळ्यांनाच पटले असे नाही. अजूनही कोणी कोणी आम्हाला विचारते, हे बरे झाले का? त्यांना आम्ही दोन गोष्टींची आठवण करून देतो. फादर थॉमस स्टीफन्स नावाचे इंग्रज जेझुइट गोव्याला आले आणि प्रभूची कथा आपल्या लोकांना सांगायला त्यांनी कोणता छंद घेतला? ओवीच घेतली. त्यांचे 'क्रिस्तपुराण' 1616 साली छापले गेले. चारशे वर्षांहून अधिक काळ ओवी ख्रिस्तसभेच्या घरात आहे. आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक, ज्यांची भजने आणि अभंग महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती मंडळ्यांत आजही गायले जातात, ते तुकोबांच्या वाटेने चालत ख्रिस्ताच्या पायाशी पोचल्याचे स्वतः मानत. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला म्हणून त्यांनी आपल्या आईची भाषा आणि चाल टाकून दिली नाही. तीच घेऊन ते प्रभूकडे आले. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमा केल्या. त्या वाचताना कळते की तिथे बाई देवाचे नाव घेते आणि त्याच दमात आपले दुःखही जात्याला सांगते. तिला ऐकणारे तेवढेच कोणी असते. आमच्या आज्जीनेही मरताना तिच्या पहिल्या दुःखाला आणि पहिल्या सुखाला एकदा भेटून घेतले. तिचा तारणारा कोण, याविषयी तिच्या मनात शंका नव्हती.

कधी मात्र गाणेच नको असते.

एक निवृत्त मास्तर होते, मराठी शाळेतले. पोटाचा कर्करोग. आयुष्यभर प्रार्थना त्यांनीच सांगितल्या, गाणी त्यांनीच बसवली. आम्ही गेलो तेव्हा त्यांनी हात वर केला, वर्गात करायचे तसा. "मुलांनो, आज गाणं नको. मी गेल्यावर तुम्ही गाणारच आहात, तेव्हा मला थांबवता यायचं नाही. आज नुसतं बसा." आम्ही बसलो. कौलांवर पाऊस पडत होता. तासाभराने ते म्हणाले, "बरं वाटलं." त्या दिवसापासून आम्ही घरात शिरल्यावर आधी विचारतो: म्हणू, का बसू? त्यांच्या घरी आम्ही सहा वेळा गेलो आणि एकदाच गायलो, तेही त्यांनी सांगितलेले एकच कडवे. गेथशेमाने बागेत प्रभूने शिष्यांना आपल्याजवळ जागे राहायला सांगितले होते, गायला नाही. त्यांचे स्तोत्र त्याआधी गाऊन झाले होते. जागे राहणे हीसुद्धा सेवा आहे, आणि बहुतेक वेळा तीच जड जाते.

मरणाऱ्याजवळ गाणे ही आपल्या ख्रिस्तसभेत काही नवी गोष्ट नाही. इंग्लंडमधील संत बीड 735 साली मृत्युशय्येवर होते तेव्हा शिष्यांबरोबर स्तोत्रे म्हणत राहिले आणि आपल्या खोलीच्या जमिनीवर बसून पवित्र त्रैक्याची स्तुती गात त्यांनी प्राण सोडला, असे त्यांच्या शिष्याने लिहून ठेवले आहे. असिसीचे संत फ्रान्सिस 1226 मध्ये मरणाला टेकले तेव्हा त्यांनी भावांना सूर्याचे आणि सृष्टीचे आपले गीत गायला लावले आणि त्यात मरणालाही बहीण म्हणून जोडून घेतले. फ्रान्समधल्या क्लूनीच्या मठात एखादा भाऊ जायला निघाला की सारा मठ प्रार्थना आणि स्तोत्रे म्हणत त्याच्याभोवती जमे. त्याच परंपरेवरून प्रेरणा घेऊन अमेरिकेत तेरेझ श्रोडर-शेकर या बाईंनी मरणासन्न माणसांजवळ हार्प वाजवण्याची सेवा सुरू केली, आणि 1992 पासून मिझूला शहरातल्या एका कॅथलिक इस्पितळात ती शिकवलीही. कॅलिफोर्नियात 2000 साली केट मंगर यांनी सुरू केलेल्या गायकांच्या मंडळांतील लोक दोघे-चौघे मिळून खाटेजवळ अगदी हळू आवाजात गातात, आपण बाळाला झोपवताना गातो तसे. आपल्या आज्या हे न शिकताच करत आल्या. आता आपण घरात टीव्ही चालू ठेवतो आणि खाटेवरचे माणूस एकटे पडते.

तेव्हा तुमच्याही घरी किंवा शेजारी असे कोणी असेल, तर आमच्या अनुभवातून चार गोष्टी सांगतो.

माणूस बोलते आहे तोवर विचारून ठेवा. "तुम्हाला कोणतं गाणं आवडतं?" असे विचारले तर म्हातारी माणसे लाजतात, काहीतरी देवळातले सांगतात. त्याऐवजी विचारा, तुमची आई काय गायची? लग्नात काय वाजले होते? नाताळात पहिले गाणे कोणते असायचे? उत्तर बायबलच्या पहिल्या कोऱ्या पानावर लिहून ठेवा, जिथे आपण बाप्तिस्म्याच्या तारखा लिहितो. शब्द त्यांच्याच आवाजात मोबाईलवर घेऊन ठेवले तर आणखी बरे.

खोलीत दोघे किंवा तिघेच गा. कीबोर्ड नको, स्पीकर नको. सूर खालचा धरा, म्हणजे त्यांना साथ द्यावीशी वाटली तर देता येईल. चढ्या पट्टीत गाल तर ते फक्त ऐकणारे होतील.

त्यांच्या श्वासाकडे बघा. श्वास भराभर चालला असेल तर त्याच लयीत सुरू करा आणि मग हळूहळू लय उतरवत न्या. पुष्कळदा श्वासही सोबत उतरतो. कपाळावर आठी आली, मान फिरली, हात मागे घेतला, तर कडव्याच्या मध्येही थांबा. ते माणूस जेवढे ऐकेल तेवढेच गाणे खरे. कधी डोळ्यांत पाणी येते. लगेच गाणे बदलू नका, घाबरू नका. हात धरा आणि विचारा, "थांबू का म्हणू?"

आणि ऐकू येत नसेल असे धरून चालू नका. कॅनडात व्हँकुव्हर इथल्या संशोधकांनी हॉस्पिसमधल्या शेवटच्या तासांतील, प्रतिसाद न देणाऱ्या काही रोग्यांच्या मेंदूची नोंद घेतली आणि 2020 मध्ये ती प्रसिद्ध केली. आवाजातला बदल त्यांच्यापैकी काहींच्या मेंदूला तेव्हाही जाणवत होता. त्यांना अर्थ कळत होता का, हे त्यावरून सिद्ध होत नाही. पण खाटेजवळ उभे राहून जमिनीच्या वाटणीचे किंवा शवपेटीच्या खर्चाचे बोलू नये, एवढे तरी त्यावरून ठरवता येते. ते ऐकत आहेत असे समजून बोला. क्षमा मागायची असेल तर आताच मागा.

आमच्या कॅटेकिझमच्या वर्गातल्या मुलांनाही आम्ही हे काम दिले आहे. प्रत्येकाने घरच्या किंवा शेजारच्या एका म्हाताऱ्या माणसाकडून एक गाणे शिकून यायचे. एक मुलगी तिच्या पणजीकडून कोकणी अंगाई शिकून आली. दुसऱ्या एका मुलाने कानडी गाणे आणले, ज्याचा अर्थ त्याला माहीत नाही आणि त्याच्या आजोबांनाही आता सांगता येत नाही. म्हणू दे. उद्या आजोबा बोलेनासे झाले तर त्या घरात ते गाणे म्हणणारे एक तरी माणूस असेल.

कारण अशी वेळ येतेच, जेव्हा त्या माणसाला स्वतः गाता येत नाही. मग कोणीतरी त्याच्या वतीने गावे लागते. ख्रिस्तसभा म्हणजे तरी दुसरे काय? आपला विश्वास थकला की शेजारच्या बाकावरचा माणूस आपल्या वतीने श्रद्धांगीकार म्हणत असतो. म्हातारा शिमोन बाळ येशूला हातांत घेऊन गायला आणि जायला तयार झाला (लूक 2:29-32). त्याचे ते गीत ख्रिस्तसभा रोज रात्री झोपण्यापूर्वीच्या प्रार्थनेत म्हणते, जणू आपल्या सगळ्यांना शेवटच्या रात्रीसाठी ते पाठ व्हावे.

आणि ज्या खोलीत कोणीच नसते तिथे? रात्री दोन वाजता, पावसात, एकटे जाणारे माणूस आम्ही पाहिलेले आहे. सकाळी पोचलो तेव्हा सगळे संपले होते. त्या घरातून परतताना आम्हाला सफन्या संदेष्ट्याचे एक वचन आठवले (3:17). तिथे असे म्हटले आहे की देव स्वतः आपल्या लोकांवर आनंदित होऊन गातो. आपण देवासाठी गातो हे आपण रोज म्हणतो. देव आपल्यासाठी गातो, हे क्वचितच. आमचा विश्वास आहे की आपले आवाज जिथे पोचत नाहीत तिथे त्याचा पोचतो, आणि तो प्रत्येकाला त्याच्या आईच्या चालीत गाऊन दाखवतो.

2 नोव्हेंबरला आपण मृत भाविकांची आठवण करतो, मेणबत्त्या घेऊन कबरींवर जातो. यंदा त्याआधीच, ह्याच आठवड्यात, घरातल्या वयस्कर माणसाजवळ अर्धा तास बसा आणि विचारा, तुमची आई काय गायची?

हे प्रभू येशू, मरणाच्या वाटेवर निघताना तू घरचे स्तोत्र गायलास. आमच्या घरांत जी माणसे आता त्याच वाटेवर आहेत, त्यांच्याजवळ बसण्याचे धैर्य आम्हाला दे. त्यांना हवे ते गाणे आम्हाला ऐकू येऊ दे. जिथे गाणे नको असेल तिथे गप्प राहायची बुद्धी दे. आणि आमची वेळ येईल तेव्हा आमच्या वतीने गाणारे कोणी आमच्या उशाशी असू दे. कोणीच नसेल, तर तू ये. आमेन.